डावं की उजवं? दोन इंजिनांच्या टर्बोप्रॉपवर आणीबाणी हाताळताना

मे महिन्यातली दुपार, पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पारा ४० वर. धावपट्टी समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर. या उंचीला प्रमाण तापमान असतं साधारण ११ अंश, म्हणजे हवा २९ अंशांनी जास्त तापलेली. दर अंशाला १२० फूट हा ठोकताळा लावला, तर विमानाला जाणवणारी उंची निघते ५,४०० फुटांच्या आसपास. हवेचा दाब कमी असेल तर आणखी वर. स्पीड इंडिकेटरला याचा पत्ता नसतो. त्यावर ९५ नॉट्स दिसत असतात तेव्हा चाकं जमिनीवर १०३ नॉट्सनी धावत असतात, आणि उड्डाण रद्द केलं तर ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा सुमारे सतरा-अठरा टक्क्यांनी वाढलेली असते. दोन्ही इंजिनं चालू असताना हे अंगावर येत नाही. एक गेलं की येतं.

खाली दिलेले आकडे किंग एअर बी२०० चे आहेत, कारण भारतात ते विमान बहुतेकांच्या परिचयाचं आहे. तुमचं विमान सी९० असेल किंवा कानपूरला बनलेलं डॉर्नियर २२८, आकडे तुमच्याच पीओएचमधून (विमानासोबतच्या पायलटच्या पुस्तिकेतून) घ्यायचे. क्रम मात्र जवळपास सगळीकडे हाच.

आधी तुमचं इंजिन कुठल्या जातीचं, ते पक्कं करा

किंग एअरवरचं पीटी६ हे फ्री टर्बाइन इंजिन. पंखा (प्रॉपेलर) फिरवणारी टर्बाइन आणि कॉम्प्रेसर फिरवणारी टर्बाइन यांच्यात दांड्याचा संबंध नसतो. डॉर्नियरवरचं टीपीई३३१ एकाच दांड्याचं. ते बंद पडलं की वाऱ्याने फिरणारा पंखा गिअरबॉक्समार्गे अख्खा कॉम्प्रेसर ओढत बसतो, त्यामुळे त्याचा अडथळा फार मोठा. तो कमी करायला एनटीएस ही यंत्रणा पात्यांचा कोन आपोआप वाढवते, पण ती पंखा पूर्ण फेदर (पाती वाऱ्याला समांतर) करत नाही. तो पायलटनेच करायचा असतो. ‘एनटीएस आहे ना’ म्हणून थांबणारे इथेच चुकतात.

पीटी६ मध्ये तेलाचा दाब पात्यांना फाइन पिचकडे (कमी कोनाकडे) ढकलतो, तर स्प्रिंग आणि काउंटरवेट त्यांना फेदरकडे ओढतात. इंजिन मेलं तरी पंखा वाऱ्याने फिरत असतो, त्याच्यासोबत गव्हर्नरचा (पंख्याचा वेग राखणाऱ्या यंत्राचा) पंपही फिरतो आणि तेलाचा दाब टिकून राहतो. म्हणून इंजिन बंद पडलं म्हणजे पंखा फेदर झाला, असं मुळीच नाही. विमानाला खाली खेचतो तो हा फिरता पंखा.

टॅक्सी सुरू करण्याआधीच्या तीन गोष्टी

पहिली, पॉवर लीव्हरचं फ्रिक्शन. किंग एअरच्या पॉवर लीव्हरच्या जोडणीत लीव्हरला मागे ओढणारा स्प्रिंगचा ताण असतो. फ्रिक्शन ढिलं राहिलं आणि गीअर (चाकं) उचलायला तुम्ही हात काढला, की एक लीव्हर, बहुधा डावा, हळूच मागे सरकतो. टॉर्क (पंख्याला फिरवणारा जोर) पडतो, नाक वळतं आणि पायलटला वाटतं इंजिन गेलं. इंजिन ठणठणीत असतं. फ्रिक्शन घट्ट करा, हात काढून बघा, लीव्हर हलला तर आणखी घट्ट करा.

दुसरी, रडर ट्रिम, म्हणजे रडर (शेपटीवरचं, नाक वळवणारं पातं) एका बाजूला धरून ठेवणारं चाक. ‘ट्रिम सेट’ हे शब्द तोंडातून निघतात आणि डोळे भलतीकडेच असतात. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी मेलबर्नजवळच्या एसेंडन विमानतळावर एक बी२०० उड्डाणानंतर लगेच कोसळलं आणि पाचही जण गेले. चौकशीचा निष्कर्ष असा, की रडर ट्रिम बहुधा पूर्ण डावीकडे फिरलेलं होतं आणि उड्डाणापूर्वीच्या तपासणीत ते सुटलं. इंजिनाचा काही दोष नव्हता. ट्रिमच्या चाकाला हात लावा, आकडा बघा, मगच पुढे.

तिसरी, ऑटोफेदरची, म्हणजे इंजिन गेल्यावर पंखा आपोआप फेदर करणाऱ्या यंत्रणेची चाचणी. दोन्ही बाजूंची, प्रत्येक दिवशीच्या पहिल्या उड्डाणाआधी तर नक्कीच. दिवे लागतात एवढं बघून भागत नाही. टॉर्क उतरवल्यावर पंखा खरोखर फेदरकडे जायला लागतो का, ते बघा.

सुरू करतानाच बिघडलं तर

हॉट स्टार्टची (सुरू करताना इंजिन जास्त तापण्याची) कारणं बहुतेक वेळा साधी असतात. बॅटरी कमजोर, शेपटीकडून वारा, किंवा नुकतंच बंद केलेलं आणि अजून तापलेलं इंजिन. एन१ (कॉम्प्रेसरचा वेग) किमान १२ टक्क्यांवर स्थिरावल्याशिवाय कंडिशन लीव्हर (इंधन सोडणारा) पुढे नेऊ नका. नेल्यावर १० सेकंदांत आयटीटी (टर्बाइनमधलं तापमान) चढला नाही, तर लीव्हर परत फ्युएल कट-ऑफला. चढला पण थांबेना, तर १,००० अंश आणि ५ सेकंद ही सुरू करतानाची मर्यादा. काटा ज्या वेगाने पळतोय त्यावरून तो तिथे पोचणार हे कळत असेल, तर पोचायची वाट न पाहता इंधन तोडा, स्टार्टर मात्र चालू ठेवा. आतली आग कॉम्प्रेसरच्या हवेनेच बाहेर जाते. स्टार्टरची मर्यादा ४० सेकंद चालू, ६० बंद, पुन्हा ४०, ६० बंद, शेवटचे ४०, आणि मग तीस मिनिटं विश्रांती. घाईत सगळ्यात जास्त मोडला जातो तो हा अर्ध्या तासाचा नियम.

धावपट्टीवर उभं राहून बोलायचं ब्रीफिंग

लोहगावची धावपट्टी १०/२८ सुमारे अडीच किलोमीटर लांब. जागा पुरते, पण ‘पुरते’ हा अंदाज झाला. त्या दिवसाचं वजन, तापमान आणि वारा घालून अॅक्सिलरेट-स्टॉपचा (वेग घेऊन मग थांबायला लागणाऱ्या अंतराचा) आकडा चार्टवरून काढा आणि कागदावर लिहा. त्याच चार्टशेजारी एका इंजिनावर चढण्याचा दरही मिळतो. तो तर मोठ्याने वाचावा, कारण थंडीत पहाटे मिळणारा दर आणि मेमधल्या दुपारी मिळणारा दर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

दिशेचाही विचार आधीच हवा. २८ वरून निघालात तर पुढे विश्रांतवाडी, खडकी, दाट वस्ती. १० वरून निघालात तर वाघोली-लोणीकंदची बाजू त्या मानाने मोकळी. दक्षिणेला पुरंदर, नैऋत्येला सिंहगड. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या वर, म्हणजे धावपट्टीपेक्षा सुमारे २,३०० फूट उंच. एका इंजिनावर रखडत चढणारं विमान घेऊन डोंगराकडे वळायचं काही कारण नाही. एटीसी हवाई दलाकडे आहे आणि तिथे लढाऊ विमानांची वर्दळ असते, तेव्हा कुठे वळणार हे त्यांना लवकर कळवण्यातच तुमचा फायदा.

ब्रीफिंग तीन वाक्यांचं पुरतं. ‘वेग येण्याआधी काहीही बिघडलं तर थांबू. उचलल्यावर इंजिन गेलं तर नाक आणि रडर माझ्याकडे, गीअर तू उचल, ४०० फुटांपर्यंत कोणी लीव्हरला हात लावायचा नाही, अपवाद फक्त फेदर न झालेल्या पंख्याचा. ब्लू लाइन १२१.’ ब्लू लाइन म्हणजे एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढायचा वेग, नॉट्समध्ये. यात चौथं वाक्य घातलंत तर पहिलं विसरलं जाईल.

जमिनीवर असताना इंजिन गेलं

दोन्ही पॉवर लीव्हर आयडलला, ब्रेक, नाक सरळ. रिव्हर्स जपून वापरा. एकाच बाजूला रिव्हर्स आला की विमान त्याच बाजूला झटक्याने वळतं, आणि वेग असताना रडरने ते सावरतं पण वेग उतरल्यावर सावरत नाही. शिकाऊ पायलटचा नेहमीचा गोंधळ असा, की तो आधी रडर मारतो आणि पॉवर नंतर काढतो. पॉवर आधी. दुसऱ्या इंजिनाचा जोर गेल्याशिवाय नाक सरळ होणारच नाही.

उचलल्यावर इंजिन गेलं

समजा डावं गेलं. दोन्ही पंखे मागून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत असतील, तर डावं हेच क्रिटिकल (गेलं तर जास्त त्रास देणारं). नाक डावीकडे ओढलं जाईल, डावा पंख पडायला लागेल.

सगळ्यात आधी नाक किंचित खाली. दोन इंजिनांवर धरलेला चढण्याचा कोन एका इंजिनावर वेग खातो, आणि बी२०० ची व्हीएमसीए (एका इंजिनावर दिशा ताब्यात राहण्याचा किमान वेग) ८६ नॉट्स आहे. तुम्ही १०० च्या आसपास आहात. तीन-चार सेकंद नाक तसंच ठेवलं तरी मधलं अंतर संपतं.

त्याच क्षणी उजवा रडर, नाक सरळ होईपर्यंत, लागला तर पूर्ण. आणि जिवंत इंजिनाच्या बाजूला ५ अंशांपर्यंत बँक (कल). तिरकं सरकणं दाखवणारा बॉल मधोमध आणायचा नाही. तो अर्धा चेंडू जिवंत बाजूला राहू द्यायचा. पंख सपाट ठेवून बॉल मधोमध आणलात तर विमान तिरकं सरकत राहतं, चढण्याचा दर घटतो आणि व्हीएमसीए वर जाते. एकच इंजिन असलेल्या विमानांवर बॉल मधोमध ठेवायची सवय लागलेली असते, म्हणून हे मुद्दाम घोटून घ्यावं लागतं.

मग पॉवर, दोन्ही लीव्हर मर्यादेपर्यंत. टॉर्क २,२३० फूट-पाउंड किंवा आयटीटी ८००, जे आधी येईल ते. तापलेल्या दुपारी आयटीटी आधी लाल रेषेला भिडण्याची शक्यता बरीच. मग गीअर वर.

आता पंखा. इथे पिस्टन ट्विनवरून आलेल्यांची सवय घात करते. तिथे संशयित थ्रॉटल मागे ओढून खात्री करायला शिकवतात. ऑटोफेदर आर्म असलेल्या किंग एअरवर हे करू नका. ऑटोफेदर काम करायला दोन्ही पॉवर लीव्हर पुढे असावे लागतात, साधारण ९० टक्के एन१ च्या जागेपलीकडे. मेलेल्या बाजूचा लीव्हर मागे घेतलात की ऑटोफेदरचा सर्किट तुटतो आणि अर्धवट फेदर झालेला पंखा पुन्हा फिरू लागतो. म्हणून लीव्हर होता तिथेच राहू द्या आणि डोळे पंख्याच्या आरपीएमवर न्या. आरपीएम शून्याकडे जातोय, मग ऑटोफेदरने आपलं काम केलं. जात नसेल तर, आणि तरच, पुढचा क्रम.

ज्या पायाला काम नाही, त्या बाजूचं इंजिन मेलेलं. डावा पाय रिकामा, तर डावं. बोट त्या लीव्हरवर ठेवा, मोठ्याने ‘डावं’ म्हणा. टॉर्क आणि आयटीटीचे काटे ‘डावं’च सांगतायत का बघा. पॉवर लीव्हर हळू मागे. आवाजात, नाकात, पायावरच्या दाबात फरक पडला नाही, तर बाजू बरोबर. मग प्रॉप लीव्हर फेदरला.

वेग १२१ ला आणा, अडथळे ओलांडल्यावर फ्लॅप वर. ४०० फुटांनंतर, विमान ट्रिम करून झाल्यावर, चेकलिस्टने साफसफाई: त्या बाजूचा कंडिशन लीव्हर कट-ऑफला, प्रॉप फेदरला, फायरवॉल फ्युएल व्हॉल्व्ह बंद, ऑटो-इग्निशन आणि ऑटोफेदर बंद, जनरेटर बंद, आणि उरलेल्या जनरेटरवरचा भार बघा. यातली एकही गोष्ट दहा सेकंद उशिरा झाली तर काही बिघडत नाही. एकही चुकीच्या बाजूला झाली तर सगळंच बिघडतं.

४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून निघालेल्या ट्रान्सएशियाच्या २३५ क्रमांकाच्या उड्डाणात नेमकं हेच घडलं. एटीआर ७२-६०० चं उजवं इंजिन चालत होतं, पण ऑटोफेदर यंत्रणेतल्या दोषाने त्याचा पंखा स्वतःहून फेदर झाला. कॅप्टनने डावा, म्हणजे काम करणारा लीव्हर मागे ओढला आणि पुढे ते इंजिन बंद केलं. ५८ पैकी ४३ जण दगावले. उजवा पंखा तर आधीच फेदर झालेला होता. कोणी कुठल्याही लीव्हरला हात लावला नसता, तरी विमान एका इंजिनावर चढत राहिलं असतं.

इंजिन गेलेलं नसतं तेव्हा

लीव्हर मागे सरकल्याचं वर आलंच. टॉर्क पडताना दिसला तर आधी लीव्हर जागेवर आहे का ते बघा, नसेल तर पुढे ढकला. दुसरा प्रकार रोलबॅकचा. फ्युएल कंट्रोलला जाणाऱ्या हवेच्या नळीत गळती झाली की पीटी६ इंधन तोडत नाही, ते जवळपास आयडलपर्यंत घसरतं. आयटीटी, एन१, तेल, सगळं जिवंत दिसतं, फक्त ओढ नसते. ‘चालू आहे, बंद कशाला करू?’ हा विचार मनात येतो आणि फिरता पंखा विमानाला खेचत राहतो. लीव्हर पूर्ण पुढे असूनही टॉर्क येत नसेल, तर ते इंजिन मेलेलंच समजून फेदर करा.

उलट बाजू म्हणजे पंख्याचा ओव्हरस्पीड. कमाल आरपीएम २,०००. मुख्य गव्हर्नर हरला तर ओव्हरस्पीड गव्हर्नर २,०८० ला धरतो. काटा तिथेच चिकटला असेल तर तो आपलं काम करतोय. पॉवर कमी करा, वेग उतरवा. त्याहीवर जाऊ लागला तर फेदर.

आग

फायरचा दिवा लागला तर आधी दुसरा पुरावा शोधा. धूर, आयटीटी, टॉर्कमधली चलबिचल. जुन्या किंग एअरवर प्रकाश ओळखणारे डिटेक्टर असायचे आणि नॅसेलच्या (इंजिनाच्या कवचाच्या) फटीतून तिरपं ऊन आत शिरलं तरी ते पेटायचे. आग नक्की असेल तर कंडिशन लीव्हर कट-ऑफ, प्रॉप फेदर, फायरवॉल व्हॉल्व्ह बंद, मग एक्स्टिंग्विशर. बाटली प्रत्येक बाजूला एकच, म्हणजे संधीही एकच. इंधन तोडण्याआधी ती उडवलीत तर वायू विरतो आणि आग पुन्हा भडकते. क्रमात बाटली शेवटी आहे ती याचसाठी.

‘ब्लीड एअर फेल’चा (इंजिनातून काढलेल्या हवेच्या गळतीचा) दिवा वेगळा. गरम हवेच्या नळीशेजारून प्लास्टिकची बारीक नळी नेलेली असते, गळतीने ती वितळली की दिवा लागतो. त्या बाजूचा ब्लीड व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. वितळलेली नळी परत जुळत नाही, त्यामुळे दिवा तसाच राहणार. तो विझत नाही म्हणून घाबरून इंजिन बंद करू नका.

केबिनचा दाब गेला तर

२५,००० फुटांवर भान शाबूत असण्याचा वेळ तीन ते पाच मिनिटं, ३०,००० वर एक ते दोन. मास्क आधी, बाकी सगळं नंतर. मग पॉवर आयडल, प्रॉप पूर्ण पुढे, वेग १८१ च्या आत आणून अॅप्रोच फ्लॅप आणि गीअर खाली, आणि १८१ धरून नाक खाली. पुढे केलेले पंखे इथे ब्रेकचं काम करतात. महाराष्ट्रात १०,००० फुटांपर्यंत उतरायला डोंगरांची अडचण नाही, कळसूबाई १,६४६ मीटर म्हणजे ५,४०० फूट. वळवाच्या दिवसांत मात्र त्या वाटेत क्युम्युलोनिम्बस (वादळी ढग) उभा नाही ना, हे रडारवर बघूनच वळा.

दोन्ही जनरेटर गेले तर प्रत्येकाला एकदा रिसेट करून बघा, आले नाहीत तर भार उतरवा. बॅटरीवर अर्धा तास हाताशी आहे असं धरून चाला, जास्त नाही.

एका इंजिनावर परत उतरताना

टॉवरला सांगायचा क्रम: मेडे तीनदा, कॉलसाइन, काय झालं, काय करणार, कुठे आहात, उंची, विमानात माणसं किती, इंधन किती वेळाचं. ट्रान्सपाँडर ७७००. विमान ताब्यात येईपर्यंत रेडिओला हात नको, टॉवरला तुम्ही दिसत असता.

गीअर नेहमीपेक्षा उशिरा, उतरणं पक्कं झाल्यावर. अॅप्रोच फ्लॅपवरच शेवटपर्यंत या आणि वेग नेहमीपेक्षा सुमारे १० नॉट्स जास्त ठेवा. साधारण ५०० फुटांची एक रेषा मनात आखा. त्याखाली गीअर आणि पूर्ण फ्लॅप बाहेर असताना एका इंजिनावर गो-अराउंड करायचा नाही, कारण तो होत नाही. जे काही ठरवायचं ते त्याच्या वरच. रडर ट्रिम वळवून ठेवलेलं असेल, तर थ्रेशोल्डवर पॉवर काढताच विमान उलट्या बाजूला वळेल. शेवटच्या टप्प्यात ते हळूहळू शून्याकडे आणा.

सरावाबद्दल

व्हीएमसीए दाखवायचा सराव उंचीवर करा, आणि नाक धरून ठेवणं जमेनासं झालं किंवा स्टॉलचा (पंखांची उचल संपण्याचा) इशारा वाजला, या दोहोंतलं जे आधी येईल तिथे थांबा. सुटका एकच: जिवंत इंजिनाची पॉवर कमी आणि नाक खाली. उंचीवर इंजिनाची ताकद उतरते तशी व्हीएमसीएही उतरते, पण स्टॉलचा वेग तिथेच राहतो. दोन्ही वेग एकमेकांजवळ आले की नियंत्रण आणि स्टॉल एकदमच जातात, आणि असमान पॉवरवरचा स्टॉल म्हणजे सरळ स्पिन. टर्बोप्रॉपवर उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद करून दाखवणं ही सिम्युलेटरमध्येच करायची गोष्ट. विमानात करायचंच असेल तर झिरो थ्रस्टवर (पंख्याची ओढही नाही, अडथळाही नाही अशा पॉवरवर), इंजिन चालू ठेवून.

घरी सराव करायला कॉकपिटचं पोस्टर भिंतीला लावा आणि खुर्चीत बसा. पायही हलवा. डावं गेलं तर उजवा पाय दाबून, डावा मोकळा सोडून, बोट लीव्हरच्या चित्रावर ठेवून मोठ्याने बाजू म्हणा. दुसऱ्याला सांगा, मध्येच ‘उजवं’ ओरड. रोज दहा वेळा, आठवडाभर. शिळ्या झालेल्या मेमरी आयटम्सची खूण एकच असते, तोंड ‘उजवं’ म्हणतं आणि बोट डाव्यावर जातं. तसं एकदा जरी झालं, तरी पुढच्या उड्डाणाआधी तो क्रम पुन्हा पहिल्यापासून घोटा.